नवव्या मशीनची पिन

आमच्या घरात मिक्सरचं पातं अडकलं की बायको आधी पिन काढते, ती माझ्या नाकासमोर धरते, "दिसली?" असं विचारते आणि मगच भांड्यात चमचा घालते. टोमणा मला असतो, पण ही खोड मूळची माझी नाही. ती मला एका माणसाने लावली. बायको त्या माणसाला आयुष्यात एकदाच भेटली, तीही तासभर, आणि तिचं मत असं झालं की माणूस बरा आहे पण जरा चक्रम आहे. त्या तासाभरात नेमकं काय घडलं ते तिला मी अजूनही सांगितलेलं नाही.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, "नाव कशाला हवं? मशीन काय नाव विचारून कापतं?" आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. पाठीमागे पिनकाका म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काहीही वाटत नव्हतं.

पुण्यात आयटी कंपन्यांची ऑफिसं धडाधड उघडत होती त्या दिवसांत मी एका इंटिरियरच्या ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर होतो. येरवड्यापासून पुढे नगर रस्त्याला कुठे ना कुठे आमचं काम चालूच असायचं. कंपनी कोणतीही असो, ऑफिस त्यांना कालच हवं असायचं. आमच्या मालकांकडे ड्रिल, कटर, ग्राइंडर, रंधा अशी मिळून नऊ मशिनं होती आणि ती सांभाळायला त्यांनी काकांना ठेवलं होतं. काकांनी सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात टूल रूममध्ये काढलेली. मग बाहेरून नवी मशिनं आली, आपोआप चालणारी, आणि काकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यातली स्वेच्छा कोणाची होती ते विचारायचं नाही, एवढंच ते म्हणायचे. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, घरचे कंटाळले, तेव्हा ते आमच्याकडे आले. शनिवार पेठेतून रोज लुनावर यायचे. साइट कुठेही असली तरी साडेआठला स्टोअरचं कुलूप उघडलेलं असायचं.

स्टोअर म्हणजे काय, प्लायवूडच्या आडोशाची एक खोली. पण तिथून मशीन बाहेर काढणं सोपं नव्हतं. आधी ते तुमच्या हाताकडे बघायचे. अंगठी, कडं, घड्याळ, मनगटातला देवाचा दोरा, सगळं उतरवायला लावायचे. दोऱ्यावरून बरेच वाद झाले. देव कपाटात ठेवा, संध्याकाळी परत घ्या, असा त्यांचा तोडगा होता आणि त्यासाठी एक स्टीलचा डबा त्यांनी घरून आणला होता. मग सदऱ्याच्या बाह्या. मग ते मशीन एकदा नुसतं चालवायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि बंद करून त्याचा वास घ्यायचे. मोटरमधला कार्बन घासत आला की त्यांना वासावरून कळायचं. एखाद दिवशी म्हणायचे, याचं आज बरं नाही, दुसरं न्या. आम्ही म्हणायचो, काका, चालू तर आहे. त्यावर ते म्हणायचे, ताप आलेला माणूसही चालू असतो.

एकदा ज्यांचं ऑफिस होतं त्या कंपनीचा एक मॅनेजर काम बघायला आला. गळ्यात लांब पट्ट्याचं ओळखपत्र. भिंतीत ड्रिल चालू होतं आणि हा वाकून भोक किती खोल गेलंय ते बघायला लागला. काकांनी मागून येऊन ते ओळखपत्र हळूच उचललं आणि त्याच्याच शर्टाच्या खिशात घातलं. "तुम्ही कोण ते मला कळलं," ते म्हणाले, "ड्रिलला कळायची गरज नाही." मॅनेजर हसला. मी घामाघूम झालो, कारण बिलावर सही त्याची लागायची.

त्याच कंपनीचा सुरक्षा अधिकारी हातात यादी घेऊन आला तेव्हा तर मला वाटलं, आता गेलं काम. यादीत हातमोजे होते आणि आमच्या ड्रिलवाल्याच्या हातात ते नव्हते. काकांनी वाद घातला नाही. कपाटातून एक सुती हातमोजा काढला, काठीच्या टोकाला अडकवला आणि फिरत्या ड्रिलला नुसता टेकवला. मोजा कधी गुंडाळला गेला आणि काठी हातातून कधी सुटली ते कोणाला दिसलंच नाही. काका म्हणाले, काच उचलायला मोजे घालतो, पत्रा उचलायला घालतो. फिरणाऱ्या वस्तूजवळ उघडा हात आणि उघडे डोळे. उघडे म्हणजे चष्म्याच्या आत, हेही त्यांनी लगेच सांगितलं आणि स्वतःच्या रुमालाने पुसलेला एक चष्मा अधिकाऱ्याच्या हातात ठेवला. अधिकाऱ्याने तो घातला आणि यादी घडी करून ठेवून दिली.

शनिवार पेठेतला माणूस असूनही स्टोअरच्या दारावर त्यांनी एकही सूचना लिहिली नव्हती. त्यांचं म्हणणं, जो वाचतो तो मशीन नीटच धरतो. न वाचणाऱ्यांसाठी मी पगार घेतो. बोर्डात पिनेऐवजी नुसत्या वायरी खुपसून वर आगपेटीच्या काड्या ठोकायची सुतारांची जी जुनी पद्धत आहे, ती त्यांनी आमच्याकडे पहिल्या महिन्यातच बंद पाडली. एक काडी सापडली की सगळ्यांचा दुपारचा चहा बंद. चहा कोणामुळे बंद झाला ते ते सांगायचे नाहीत. ते शोधायचं काम उरलेले दहाजण आपणहून करायचे.

पण या सगळ्याच्या वर होती ती पिन. प्रत्येक मशीनच्या वायरीला, पिनेपाशी, त्यांनी हातभर लाल नाडी बांधली होती, परकराची असते तशी. नियम एकच. मशीन हातातून खाली ठेवलं, मग ते पातं बदलायला असो, पाणी प्यायला असो की लाइट गेली म्हणून असो, की आधी पिन बोर्डातून काढायची, आणून मशीनच्या मुठीवर ठेवायची आणि नाडीने बांधायची. खाली ठेवलेल्या मशीनच्या डोक्यावर त्याची पिन दिसली पाहिजे. काका दिवसातून चारदा मजल्यावर चक्कर मारायचे आणि राम राम म्हणावं तसं प्रत्येकाला विचारायचे, पिन कुठाय?

आमचा मुख्य मिस्त्री यवतमाळकडचा होता. हात सोन्याचा, तोंड मोकळं. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "काका, मशीन काय कुत्रं हाये का, बांधून ठेवाले?"

"कुत्रं भुंकून सांगतं," काका म्हणाले. "हे सांगत नाही."

मिस्त्रीने नाडी बांधली. पुढे तर त्याचा हात आपोआपच नाडीकडे जायला लागला. आठवड्याभरात सगळ्यांचेच जायला लागले. एकटा मी सोडून. मी सुपरवायझर होतो, डिप्लोमा झालेला होतो, मशीन वर्षातून चारदा हातात घ्यायचो, आणि माझ्या डोळ्यांसमोर सतत काम सोपवायची तारीख असायची. या नाडीपायी दिवसाची किती मिनिटं जातात याचा हिशेब करून मी एकदा मालकांना सांगितला होता. मालक म्हणाले होते, तूच सांग त्यांना. मी सांगायला गेलो नाही.

त्यांची आणखी एक गंमत होती. रोज संध्याकाळी सगळी मशिनं पुसून जागेवर लागली की ते शाळेतल्या मुलांची असते तशी दोनशे पानी वही काढायचे आणि तारीख घालून एक ओळ लिहायचे. काही झालं नाही. बस. पानामागून पानं तीच ओळ. मिस्त्री म्हणायचा, काकांनी नामजप लिहायला घेतलाय. एकदा मी सरळ विचारलं. मला वाटत होतं, यामागे काहीतरी असणार. कारखान्यात कोणाचा तरी हात गेला असेल, कोणी जवळचा गेला असेल. एवढी धास्ती उगाच नसते. मी फार हळुवार आवाजात विचारलं, काका, तिकडे काही झालं होतं का? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझ्या हळुवारपणाची लाज वाटली.

"प्रत्येक गोष्टीला आधी कोणीतरी मरायलाच हवं का?" ते म्हणाले. "आमच्या टूल रूममध्ये एकतीस वर्षांत काही झालं नाही. फुकट नाही झालं ते."

आता खंडेनवमीची गोष्ट.

येरवड्याला चौथ्या मजल्यावर आमचं काम शेवटाला आलं होतं. दसरा झाला की दोन दिवसांत ऑफिस ताब्यात द्यायचं होतं. तरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायलाच हवी होती. त्यात कोणाची घाई चालत नाही. दरवर्षी मालकीणबाई हळदकुंकू लावायच्या, त्या वर्षी त्या आजारी होत्या, म्हणून मालकांनी माझ्या बायकोला बोलावलं. ती पूजेचं ताट आणि आमची सव्वा वर्षाची मुलगी कडेवर घेऊन रिक्षाने येणार होती. सकाळी सुतार मंडळी झेंडू आणायला गेली. काका स्टोअरमध्ये एकेक मशीन बाहेर काढून पुसत बसले होते. आठ मशिनं त्यांच्याकडे होती आणि कटर तेवढा पँट्रीत राहिला होता, कारण तिथली एक पट्टी अर्धा इंच जास्त भरत होती.

ती पट्टी मी कापायला घेतली. कोणाची वाट कशाला बघायची? आमच्या कटरला मुठीत खटका आणि बाजूला एक छोटं बटण होतं. खटका दाबून ते बटण आत ढकललं की बोट काढलं तरी मशीन चालू राहतं. लांब कापायचं असलं की ते बरं पडतं. मी बटण ढकललं आणि पट्टीवर हातभर पुढे गेलो असेन तेवढ्यात लाइट गेली. भारनियमनाचे दिवस होते, त्यात नवल नव्हतं. पातं फिरत फिरत थांबलं. मी कटर खाली ठेवला. त्याच क्षणी मोबाइल वाजला, कंपनीवाले गालिच्याचा रंग बदलायचा म्हणत होते, आणि रेंजसाठी मी खिडकीशी गेलो. बटण आत होतं, पिन बोर्डात होती, आणि मी गालिच्यावरून अर्धा तास वाद घालत होतो.

परत आलो तेव्हा पूजा मांडून झाली होती. प्लायवूडच्या पाटावर नऊ मशिनं ओळीने. पँट्रीतला कटर कोणीतरी उचलून ओळीच्या टोकाला आणून ठेवला होता आणि सगळ्यात जास्त राबतो म्हणून सगळ्यात मोठा हार त्याला घातला होता. वायर लांब होती, ती मागे जिप्समच्या थप्पीआड, पँट्रीबाहेरच्या विजेच्या बोर्डाकडे गेली होती. पिन बोर्डातच असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही. आमच्याकडे खाली ठेवलेल्या मशीनची पिन बोर्डात कधी नसायचीच. मलाही त्या वेळी काही आठवलं नाही, माझ्या डोक्यात गालिचा होता.

बायकोने उजवीकडून हळदकुंकू लावायला सुरुवात केली. मुलगी कडेवर होती आणि तिला झेंडूची फुलं हवी होती, सगळीच हवी होती. ती वाकून वाकून हात पुढे करत होती. आठवं मशीन झालं. बायको कटरसमोर वाकली.

"ताई, जरा थांबा," काका म्हणाले. ते धुतलेला पांढरा शर्ट घालून नुकतेच पाटापाशी आले होते. त्यांनी ओळीवरून एकदा नजर फिरवली. "नवव्याची पिन कुठाय?"

सगळे हसले. मिस्त्री म्हणाला, "काका, लाइनच नाही, तं पिन काय करते?" बायको कुंकवाचं बोट हवेत धरून माझ्याकडे बघायला लागली. मला भयंकर राग आला. मालक उभे, बायको उभी, आणि या माणसाला आजच्या दिवशीही हेच सुचत होतं. मी म्हणालो, काका, आज पूजा तरी नीट होऊ द्या.

"मशीनला पूजा कळत नाही, सुपरवायझर," ते म्हणाले. "लाइट कळते."

आणि ते गुडघ्यांवर बसले. हारात हात घालून त्यांनी वायर शोधली, ती चिमटीत धरली आणि तशीच धरून रांगत रांगत जिप्समच्या थप्पीमागे गेले. आम्ही सगळे त्यांच्या शर्टावर चढणारी पांढरी भुकटी बघत होतो. मागून पिन निघाल्याचा आवाज आला. ते उठले, पिन घेऊन आले, कटरच्या मुठीवर ठेवली, लाल नाडीने तिला सावकाश गाठ मारली. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "हं. लावा आता."

बायकोने कुंकू लावलं. मुलीने संधी साधली, खाली झेपावली आणि अख्खा पंजा हारात घातला. हाराखाली पातं होतं. लाकूड कापायचं, दात्यांचं.

ती फूल ओढत असतानाच लाइट आली. ट्यूबलाइट लुकलुकून पेटल्या, कोपऱ्यातला पंखा घरघरायला लागला, खालच्या मजल्यावर कोणाचा तरी रेडिओ सुरू झाला. देवी पावली, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. हसता हसता माझी नजर कटरच्या मुठीकडे गेली. बटण आत होतं.

मी प्लायवूडच्या थप्पीवर बसलो. बायको म्हणाली, काय झालं, उपास सोसला नाही का? मी मुलीला तिच्याकडून घेतलं. तिच्या मुठीत झेंडू होता. तो सोडवून मी बोटं पाहिली, मग दुसऱ्या हाताची पाहिली. ती फुलासाठी रडायला लागली आणि तिच्या त्या रडण्याचा मला इतका आनंद झाला की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. बायकोला वाटलं, पूजेमुळे मन भरून आलं. आरती झाली, पेढे वाटले, ती मुलीला घेऊन घरी गेली. जाताना मला म्हणाली, तुमचे ते काका बरे आहेत, पण जरा चक्रम आहेत.

दुपारी काकांनी मला स्टोअरमध्ये बोलावलं. कटर टेबलावर होता, हार काढलेला. त्यांनी पान्याने पातं काढलं, स्वतःच्या खिशात ठेवलं आणि पिन बोर्डात घातली. कोणी हात लावलेला नसताना मशीन किंचाळत सुरू झालं, टेबलावर सरकत गेलं आणि भिंतीला जाऊन आपटलं. काकांनी पिन काढली. किंकाळी हळूहळू बारीक होत थांबली.

"कोणी दाबलं होतं ते मी विचारत नाही," ते म्हणाले.

मी म्हणालो, मीच.

"माहीत आहे. मिस्त्री असता तर नाडी बांधली असती."

यापेक्षा त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. मग त्यांनी पुड्यातला एक पेढा माझ्यापुढे केला, आणि मी खाल्ला नाही तेव्हा पुन्हा केला.

संध्याकाळपर्यंत मी वाट बघत होतो की ते मालकांना सांगतील. सांगायला हवं होतं. नोकरी गेली असती तरी माझं काही म्हणणं नव्हतं, उलट कोणीतरी शिक्षा द्यावी असंच वाटत होतं. सहाला ते वही काढून बसले. मी मागून वाकून पाहिलं. त्यांनी लिहिलं होतं: खंडेनवमी. लाइट अकरा दहाला आली. काही झालं नाही. वही मिटून त्यांनी पिशवीत टाकली आणि लुनाला पेडल मारून घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून नाडी बांधायला मी कोणाच्याही आधी पोचायचो. मिस्त्रीला याचं फार आश्चर्य वाटलं. काकांना वाटलं नाही.

पुढे मी स्वतःची कामं घेऊ लागलो, ते निवृत्त झाले. बऱ्याच वर्षांनी शनिवार पेठेत त्यांच्या घरी गेलो होतो. ऐंशीच्या पुढे होते, कान गेलेले, दहाही बोटं जागच्या जागी. मी जवळ बसून मोठ्याने सांगितलं की त्या खंडेनवमीचं माझ्या मनातून अजून जात नाही. ते म्हणाले, मला नाही आठवत, वहीत बघा. वह्या कपाटात रचलेल्या होत्या. मी शोधून ते पान काढलं, त्यांच्यासमोर धरलं. चष्मा पुसून त्यांनी ते नीट वाचलं.

"मग?" ते म्हणाले. "नाही ना झालं?" आणि वही मला परत दिली.

दोन वर्षांनी झोपेतच गेले. मशीन बंद करून ठेवावं तसे, शांतपणे.

मुलगी आता आयटीत आहे. गेल्या महिन्यात तिने वाघोलीला फ्लॅट घेतला. पुस्तकांची फळी लावायला सुतार कशाला, म्हणून तिने स्वतःच ऑनलाइन ड्रिल मागवलं. मी खोक्यावर बसून बघत होतो. हात चांगला आहे तिचा. एक भोक पाडून झालं, दुसऱ्यासाठी टोक बदलायला तिने ड्रिल खाली ठेवलं आणि मी म्हणालो, पिन.

"बाबा, सीरियसली," ती म्हणाली, "लहानपणापासून ऐकतेय, पिन, पिन, पिन. असं काय झालं होतं? कोणाचा हात गेला होता का?"

ती उत्तराची वाट बघत कमरेवर हात ठेवून उभी होती. बोटांवर भिंतीची लाल भुकटी होती. मी त्या बोटांकडे पाहिलं.

"नाही गं," मी म्हणालो. "काही झालं नाही."

आणि येताना खिशात घालून आणलेली लाल नाडी तिच्या हातात दिली.